बहात्तर गावांचं स्वराज्य: सॅन मरिनो आणि आपलं औंध

(पॉडकास्टच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढलीय, बाकी भाषा होती तशीच ठेवलीय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. मागे आपण जगातल्या छोट्या देशांची नुसती नावं घेतली होती, तर शिरगावच्याच एका श्रोत्याने विचारलं, "दादा, एवढ्या एवढ्या देशांचं चालतं कसं? उद्या शिरगाव, सातपाटी, माहीम, केळवे मिळून आपण वेगळा देश काढला तर?" मागे कुणीतरी हसतंय ते पण ऐकू येत होतं. प्रश्न गमतीत विचारला असेल, पण मला तो लय आवडला. कारण त्याच्या आत खरा प्रश्न वेगळाच आहे: स्वतःचा कारभार स्वतः करायला जागा किती मोठी लागते?

युरोपात याचं एक चालतं-बोलतं उत्तर आहे. आणि एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातही होतं, सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात. ते जेमतेम नऊ वर्षं टिकलं. आज जास्त वेळ मी त्याच्यावरच घालवणार आहे. पण आधी युरोपात जाऊन येऊ.

बोईसरएवढी माणसं, देश मात्र पूर्ण

सॅन मरिनो. चारी बाजूंनी इटली, मधोमध हा देश. समुद्र नाही, विमानतळ नाही. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. पालघरहून ट्रेन पकडा, उमरोळी मागे टाका, बोईसरला उतरा. झालं, देश संपला! लोकसंख्या चौतीस हजारांच्या आसपास. म्हणजे एकट्या बोईसरमध्ये याहून जास्त माणसं असतील.

या देशाच्या मधोमध एक डोंगर आहे, मोंते तितानो. साडेसातशे मीटर उंच, एका बाजूने सरळ तुटलेला कडा, आणि माथ्यावर तीन बुरूज. त्यांच्या झेंड्यावरसुद्धा हे तीन बुरूज आहेत. आपल्याकडचा एखादा डोंगरी किल्ला डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र कळेल. दंतकथा अशी की इसवी सन ३०१ मध्ये मरिनस नावाचा एक पाथरवट या डोंगरावर येऊन राहिला. ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता, त्यातून निसटून आलेला. त्याच्याभोवती वस्ती झाली आणि तिचंच पुढे हे प्रजासत्ताक झालं. ३०१ हा आकडा श्रद्धेचा आहे, पुराव्याचा नाही. पण तेराव्या शतकापासून पुढचा कारभार मात्र कागदावर सापडतो. आणि तो कारभारच खरा बघण्यासारखा आहे.

तिथे राष्ट्रप्रमुख एक नसतो, दोन असतात. त्यांना कॅप्टन रीजंट म्हणतात. दोघांचे अधिकार सारखे आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय अडवता येतो. मुदत किती? सहा महिने! १ एप्रिलला एक जोडी येते, १ ऑक्टोबरला दुसरी. १२४३ पासून हे असंच चाललंय. एकदा होऊन गेलात की पुढची तीन वर्षं परत उभं राहता येत नाही. आणि मला सर्वात आवडलेला भाग हा: मुदत संपली की ठरावीक दिवसांत कुठलाही नागरिक त्यांच्या कामाबद्दल रीतसर तक्रार करू शकतो, आणि त्या तक्रारीचा निवाडा होतो. म्हणजे खुर्चीवरून उतरल्या उतरल्या हिशेब द्या. आपल्याकडे सरपंच बदलल्यावर दप्तर कुठे गेलं हे शोधायला किती दिवस जातात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कायदे करायला साठ जणांची सभा आहे. देशाचे नऊ भाग पाडलेत, आपल्या भाषेत नऊ नगरपरिषदा म्हणा. युरोपियन युनियनमध्ये ते नाहीत, पण चलन युरोच वापरतात. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य आहेत.

मग इटलीने गिळलं कसं नाही? डोंगर होता, गरिबी होती, आणि शहाणपण होतं. शहाणपणाचं उदाहरण म्हणजे नेपोलियन. १७९७ मध्ये तो इटली जिंकत होता तेव्हा त्याने यांना आणखी जमीन देऊ केली. यांनी नम्रपणे नको म्हटलं! जमीन वाढली असती तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत आले असते. आणि १८४९ मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी ऑस्ट्रियाच्या फौजेपुढून पळत होता, तेव्हा त्याला यांनी आसरा दिला. पुढे इटली एक झाली, तेव्हा ही गोष्ट कुणी विसरलं नाही. हा आसऱ्याचा मुद्दा लक्षात ठेवा, औंधला गेल्यावर तो परत येणार आहे.

फार गोड चित्र नको, म्हणून दोन कडू गोष्टीही सांगतो. सुमारे तीनशे वर्षं त्या सभेतली रिकामी जागा सभासदच आपल्या मर्जीने भरायचे. लोकांना विचारायचंच नाही. २५ मार्च १९०६ ला सगळ्या घरांचे कर्ते पुरुष एकत्र जमले आणि मतदानाने ठरवलं की सभा निवडून यायला हवी. तेव्हा कुठे निवडणूक आली. बायकांना मतदानाचा हक्क मिळायला १९६० उजाडलं. आणि १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं तिथे फॅसिस्ट पक्षाचं राज्य होतं. जुनं प्रजासत्ताक म्हणजे आपोआप चांगलं, असं नसतं.

आपल्याकडे छोटं राज्य कुठे होतं?

छोटं राज्य म्हटलं की आपल्या पालघर जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव जव्हार येणार, आणि बरोबर आहे. मुकणे घराण्याचं राज्य, महादेव कोळी राजे, १३४३ पासूनची परंपरा सांगितली जाते. शेवटी शेवटी विस्तार ३१० चौरस मैल, म्हणजे आठशे चौरस किलोमीटर धरा. सॅन मरिनोच्या तेरापट. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी सगळी मंडळी त्यात. घाटातलं जंगल, खाली उतरायला अवघड वाटा. सॅन मरिनोला डोंगराने जे दिलं तेच जव्हारला सह्याद्रीने दिलं. १९४८ मध्ये ते विलीन झालं. जव्हारवर एक वेगळा भाग करायचाय, म्हणून आज तिथे थांबत नाही. शिवाय जव्हार राजाचं राज्य होतं, प्रजासत्ताक नव्हे. आपल्याला शोधायचंय ते असं ठिकाण, जिथे छोट्याशा जागेत लोकांनी कारभार हातात घेतला. त्यासाठी घाट चढून साताऱ्याकडे जावं लागेल.

औंध: नकाशावर सांडलेलं राज्य

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध आहे. पुण्याचं औंध नव्हे बरं का, गुगलवर शोधताना हमखास गोंधळ होतो. गावाजवळच्या टेकडीवर यमाई देवीचं देऊळ, खाली गाव, आणि टेकडीवरच संग्रहालय. पंतप्रतिनिधी घराण्याचं हे संस्थान. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी हे पद तयार झालं, तिथून या घराण्याची ही ओळख.

संस्थानाचा विस्तार ५०१ चौरस मैल, म्हणजे तेराशे चौरस किलोमीटरच्या आसपास. गावं ७२. माणसं पाऊण लाखाच्या थोडी वर. पण हे सगळं सलग नव्हतं. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मध्ये मध्ये इंग्रजांचा मुलूख, नाहीतर दुसऱ्या संस्थानाचा. ताटात भात वाढताना चार शितं इकडे तिकडे सांडावीत, तसं हे राज्य नकाशावर सांडलेलं होतं. आज त्याचे तुकडे सातारा, सांगली आणि कर्नाटकातल्या विजापूर जिल्ह्यात आहेत.

जमीन कशी? आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस कमी, बाजरी-ज्वारी, मेंढरं, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. आपण कोकणातली माणसं. जून ते सप्टेंबर पाण्याला कंटाळणारी. तिथे मात्र ढगाकडे बघत बसायचं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शाळेत कुणाला धडा म्हणून तरी भेटली असेल. ती वाडी याच संस्थानातली. तरुण मास्तर, मेंढपाळांची वस्ती, आणि तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा. तो राजा औंधचा. माडगूळकर बंधू, म्हणजे व्यंकटेश आणि ग. दि. माडगूळकर, दोघंही याच भागातले.

आणि कुंडलच्या बाजूला एक माळ होता, निवडुंगाने आणि सापांनी भरलेला. तो राजाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली: किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर बनवणारा कारखाना, तोसुद्धा एका चिमुकल्या संस्थानात! बोईसरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना कारखान्याभोवती गाव कसं वाढतं हे वेगळं सांगायला नको.

राजा कसा होता

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ मध्ये. पदवीधर माणूस. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, आणि सूर्यनमस्काराचं तर त्यांना वेड होतं. आज योगाच्या रील्समध्ये जो सूर्यनमस्कार दिसतो ना, तो आधुनिक काळात घरोघर आणि शाळाशाळांत नेण्याचं मोठं काम या राजाने केलं. पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांत पोरांकडून रोज घालून घेतले. पोरं कंटाळत असणार, यात मला शंका नाही.

पण छंदिष्ट राजे तेव्हा पुष्कळ होते. पुढे जे झालं ते मात्र दुसऱ्या कुणी केलं नाही.

राजाचा मुलगा अप्पासाहेब पंत. ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर झाला, १९३७ मध्ये परत आला. त्याची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन नावाच्या माणसाशी. हा पोलंडमधून आलेला ज्यू इंजिनिअर, म्हैसूर संस्थानातल्या सरकारी विद्युत कारखान्यात कामाला. भगवे कपडे घालायचा, स्वतःला भारतानंद म्हणवून घ्यायचा, आणि गांधीजींसाठी चरख्याच्या रचनेवर डोकं चालवायचा. एकदम वेगळा नमुना. (मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचं बोलणं इंग्रजीत पुस्तकरूपाने आणणारा पण हाच.)

फ्रीडमन औंधला आला आणि त्याने म्हाताऱ्या राजापुढे सरळ विषय काढला: सत्ता लोकांना देऊन टाका. अर्धी नको, सल्लागार मंडळ नको. देऊन टाका. आणि राजा हो म्हणाला! नोव्हेंबर १९३८ मध्ये, सत्तरीच्या समारंभाच्या वेळी, भवानरावांनी आपले अधिकार प्रजेला द्यायचं जाहीर केलं.

जरा थांबून विचार करा. १९३८. त्या वेळी देशात साडेपाचशेच्या वर संस्थानं. बहुतेक ठिकाणी प्रजा हक्क मागतेय आणि राजा पोलीस पाठवतोय. इथे उलटंच चाललं होतं. प्रजेतले काही जण तर घाबरले म्हणतात, की महाराज आपल्याला सोडून कुठे चालले? मला ही भीती समजते. नव्या कारभाऱ्याची खात्री नसली की जुना धनी बरा वाटतो.

कारभाराची रचना

मग राज्यघटना कुणी लिहायची? अप्पासाहेब आणि फ्रीडमन वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्यात जातीने लक्ष घातलं. खेड्यांच्या स्वराज्याबद्दल ते तीस वर्षं लिहीत-बोलत होते, पण प्रत्यक्ष करून बघायला राज्य कुठे होतं? ते आता चालून आलं होतं, बहात्तर गावांचं. २१ जानेवारी १९३९ ला औंधची घटना लागू झाली. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या अकरा वर्षं आधी.

रचना खालून वर जाणारी. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. गावच्या पंचायतींचे प्रमुख मिळून तालुक्याची समिती. तालुक्यातून निवडलेले प्रतिनिधी औंधच्या विधिमंडळात. मंत्री त्यातून. सर्वात वर राजाचं नाव राहिलं, पण त्याच्या खासगी खर्चाला मर्यादा घातली. म्हणजे वरच्या सभेत बसलेला माणूस आधी आपल्या गावात निवडून आलेला असायचा. पोस्टरवर फोटो लावून थेट वर जायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच. गावातून गोळा होणाऱ्या महसुलातला मोठा वाटा, साधारण निम्मा, गावाच्याच कामांसाठी ठेवायचा असं ठरलं. रस्ता, विहीर, शाळा यांचं पंचायतीने बघायचं. नाहीतर "अधिकार तुमचे, पैसा आमचा" हा खेळ आपल्याला चांगलाच माहीत आहे. निधी वरून सुटेपर्यंत ठरावाचा कागद पिवळा पडतो.

तिसरी गोष्ट न्यायाची. कोर्टाची पायरी चढायला शेतकऱ्याने मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, त्याऐवजी न्यायाधीशानेच गावात यायचं आणि पंचांसोबत बसून, सगळ्यांसमोर प्रकरण ऐकायचं. गावात सगळ्यांना बांध कुणाचा कुठे होता ते माहीत असतं. खोटं बोलायला मोठं धाडस लागतं. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: ज्याला गावच दाबतं, त्याने गावासमोर कसं बोलायचं? दलित माणसाला, एकट्या बाईला गावातला न्याय नेहमी न्याय वाटेलच असं नाही. डॉ. आंबेडकरांनी पुढे घटना समितीत खेड्याच्या प्रजासत्ताकाच्या कौतुकावर कडक टीका केली, ती याच अनुभवातून. औंधबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

चौथी गोष्ट मतदानाची, आणि इथे माझं थोडं अडतं. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. हेतू असा की मतदानाच्या ओढीने लोक शिकतील. शिकवण्याची मोहीमही झाली. पण १९३९ च्या माणदेशात अक्षर कुणाला येत होतं? पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात येत होतं. मेंढरामागे फिरणाऱ्याला, त्याच्या बायकोला नव्हतं. सॅन मरिनोत घरातल्या कर्त्या पुरुषालाच मत होतं, इथे साक्षराला. दरवाजा उघडला खरा, पण उंबरा उंच ठेवला. अकरा वर्षांनी भारताच्या घटनेने साक्षरतेची, मालमत्तेची कुठलीही अट न घालता सगळ्या प्रौढांना मत दिलं. इथे मोठा देश छोट्या राज्याच्या पुढे गेला, असं मला स्वच्छ वाटतं.

भिंत नसलेला तुरुंग

औंधची एक गोष्ट मात्र आजही जिवंत आहे. फ्रीडमनच्या डोक्यातून निघालेली कल्पना: जन्मठेपेच्या कैद्यांना कोठडीत कशाला ठेवायचं? त्यांना जमीन द्या, बायकामुलांना सोबत राहू द्या, शेती करू द्या. १९३९ मध्ये आटपाडीजवळ अशी वसाहत सुरू झाली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीचं नाव स्वतंत्रपूर! भिंत नाही, बेड्या नाहीत. पळून जायचं तर माळ मोकळा आहे.

हीच गोष्ट पुढे पडद्यावर आली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ', कथा ग. दि. माडगूळकरांची. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी फोनवर का होईना, बघा. काळा-पांढरा आहे म्हणून पुढे ढकलू नका. स्वतंत्रपूरची खुली वसाहत संस्थान गेल्यावरही महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे चालू राहिली. एका चिमुकल्या राज्याने केलेला प्रयोग मोठ्या राज्याने उचलला, असं फार क्वचित होतं.

आसरा

आता तो आसऱ्याचा मुद्दा. १९४२ ला 'चले जाव' झालं, नेते तुरुंगात गेले, आणि साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ पासून तीनेक वर्षं त्यांनी शेकडो खेड्यापाड्यांत न्यायनिवाडा केला, सावकारांना वठणीवर आणलं, हुंड्याशिवाय लग्नं लावली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांच्या तुफान सेनेने रेल्वे अडवून पगाराचा पैसा काढून घेतला. या सगळ्याचं मोठं केंद्र कुठे होतं? कुंडलला. जी. डी. बापू लाड तिथलेच.

आणि कुंडल औंध संस्थानात होतं. नकाशावर सांडलेलं राज्य म्हणालो ना, तेच इथे उपयोगी पडलं. इंग्रज पोलीस पाठलाग करत आले की हद्द ओलांडायची. पलीकडे दुसऱ्या राज्याची हद्द, दुसऱ्यांची परवानगी. तिथे थेट घुसणं अवघड. शंभर वर्षांपूर्वी सॅन मरिनोने गॅरिबाल्डीसाठी जे केलं, ते औंधच्या हद्दीने भूमिगतांसाठी केलं. छोट्या राज्याकडे तोफा नसतात. पण हद्द असते, आणि वेळेला ती तोफेपेक्षा कामाला येते.

मग ते गेलं का?

१५ ऑगस्ट १९४७ आला आणि औंधचं कारणच जणू संपलं. दक्षिणेतल्या संस्थानांनी मिळून एक संघ करून बघायचा घाट घातला, तो टिकला नाही. ८ मार्च १९४८ ला औंध इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई राज्यात विलीन झालं. ना लढाई, ना हट्ट. आधीच सत्ता देऊन बसलेल्या राजाकडे सोडायला उरलं काय होतं? भवानराव १९५१ मध्ये गेले. अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले, केनियापासून सुरुवात करून अनेक देशांत भारताचे प्रतिनिधी राहिले, आणि म्हातारपणी औंधच्या प्रयोगावर पुस्तक लिहिलं.

विलीन होण्यात गैर काही नव्हतं. तुकड्या-तुकड्यांच्या राज्याने पाणी कुठून आणलं असतं, वीज कुठून? माणदेशात आज कृष्णेचं पाणी उपसून पोचतंय, ते बहात्तर गावांच्या खजिन्यातून झालं नसतं. माझी हळहळ दुसऱ्या गोष्टीची आहे. राज्य विलीन झालं तेव्हा त्याच्यासोबत त्या पंचायती, तो निम्म्या महसुलाचा नियम, गावात येणारं कोर्टही गेलं. मुंबई राज्याने नवा ग्रामपंचायत कायदा केला १९५८ मध्ये. जिल्हा परिषदा आल्या १९६२ मध्ये. आणि पंचायतींना देशाच्या घटनेत भक्कम जागा मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ मध्ये. औंधच्या गावांनी जे १९३९ मध्ये करून पाहिलं, त्याच्याकडे परत यायला देशाला चोपन्न वर्षं लागली. आणि महसुलाच्या निम्म्या वाट्याचं तर आजही कुणी बोलत नाही.

तर शिरगावचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे. नाही भावा, शिरगाव वेगळा देश होणार नाही. पण तुझ्या गावात सॅन मरिनोसारखी एक सभा आहे, आणि ती निवडून आलेल्यांची नाही, तुमची सगळ्यांची आहे: ग्रामसभा. मतदार यादीत नाव असेल तर तू तिचा सभासद आहेस, वेगळा फॉर्म भरायचा नाही. वर्षातून किमान चार वेळा ती घ्यावीच लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तर पाठच असतात. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे किती जणींना माहीत आहे? हजेरीची अट आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग हजेरीची अट नसते. म्हणजे लोक पहिल्या सभेला आले नाहीत तर दुसऱ्या सभेत मोजक्या दहा जणांतही गावाचा निर्णय होऊ शकतो. कायद्यात बसतं ते.

आणि ग्रामसभेचं वजन किती, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आज पुस्तकातला राहिलेला नाही. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावरच्या गावांनी विरोधाचे ठराव केले होते. बंदर हवं की नको यावर आपल्याच श्रोत्यांत दोन तट आहेत, मला दोन्हीकडचे मेसेज येतात. कुणाला नोकरी दिसते, कुणाला बुडालेली मासेमारी दिसते. त्याचा निवाडा मी इथे करत नाही. पण देशाचं काम आणि गावाचा ठराव समोरासमोर आले की कुणी कुणाचं किती ऐकायचं, हे कुठेच नीट लिहून ठेवलेलं नाही. औंधमध्ये तो प्रश्न आला नाही, कारण गावाचा माणूसच वर जाऊन बसत होता. सॅन मरिनोत येत नाही, कारण वर दुसरं कुणी नाहीच. आपल्याकडे मात्र खाली गाव आहे, वर जिल्हा, त्याच्यावर राज्य, त्याच्यावर देश.

औंधला जायचं असेल तर साताऱ्याहून एसटी आहे. टेकडीवरचं संग्रहालय बघा, राजाने जमवलेली चित्रं आणि मूर्ती आहेत. यमाईचं दर्शन होतंच. आणि इथेच राहून काही करायचं असेल तर पुढच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतीत जाऊन मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. त्यात काय लिहिलंय ते मला व्हॉइस मेसेजवर कळवा, नावं न घेता. पुढच्या भागात आपण जव्हारला जातोय.